भाव वाढला, पगार नाही

शेजारच्या पार्किंगमध्ये नवी एसयूव्ही उभी राहिली की सोसायटीत दोन दिवस तिचीच चर्चा. ऑन-रोड केवढ्याला पडली, वेटिंग किती होतं, सनरूफ आहे का. पैसे कुठून आले, हे मात्र कुणी विचारत नाही. तसं विचारणं असभ्य समजतात. मी ते आज विचारणार आहे, कारण उत्तर ठाऊक असूनही गप्प बसण्याची आपली सवय आता फार घरांना महाग पडते आहे. बऱ्याचदा ते पैसे घरातूनच आलेले असतात. आधीच गहाण असलेलं घर आणखी थोडं गहाण टाकून.

टॉप-अप लोन. चालू गृहकर्जाच्या डोक्यावर बसलेलं आणखी एक कर्ज. समजा, हिंजवडीजवळ किंवा घोडबंदर रोडला एकाने तेरा वर्षांपूर्वी ४० लाखांना टू-बीएचके घेतला. ३२ लाखांचं कर्ज काढलं, त्यातलं १८ लाख मुद्दल अजून बाकी आहे. त्याच फ्लॅटला आता एजंट ८५ लाख सांगतो. १८ आणि ८५ यांच्या मधली जागा बँकेला मोकळी दिसते. मग दुपारी ऑफिसात फोन येतो, "सर, तुमचा रिपेमेंट ट्रॅक एकदम क्लीन आहे. तुम्हाला १५ लाखांचं टॉप-अप प्री-अप्रूव्ड आहे, डॉक्युमेंट्ससुद्धा फारसे लागणार नाहीत." ज्याने एकही हप्ता चुकवला नाही, पोटाला चिमटा काढून बँकेचं देणं दिलं, नेमका त्यालाच हा फोन येतो. मला सर्वांत जास्त हेच खुपतं. अजून सात वर्षांनी हा माणूस मोकळा झाला असता.

आणि तो ८५चा आकडा तरी त्याच्या काय कामाचा? घर विकलं तर राहायचं कुठे? त्याच भागात दुसरं घ्यायला गेलं तर तेही ८५चंच, वर मुद्रांक शुल्क आणि दलाली. भाव वाढल्यामुळे मेंटेनन्स कमी झाला नाही, मुलाची फी कमी झाली नाही, पगाराच्या स्लिपवर एक रुपया जास्त आला नाही. ज्याच्याकडे दुसरा फ्लॅट आहे त्याला वाढलेल्या भावाचा उपयोग आहे. जो निवृत्त होऊन साताऱ्याला किंवा सावंतवाडीला जाणार आहे, त्यालाही आहे. जो त्याच घरात झोपणार, त्याच घरात म्हातारा होणार, त्याच्यासाठी तो आकडा एजंटच्या तोंडातला आकडा आहे. त्याच्या भरवशावर खर्च करणारा माणूस पुढच्या पंधरा वर्षांचा पगार आजच उचलतो आहे.

आता हिशेब मांडतो, कारण या सगळ्या व्यवहारात हिशेबच कुणी मांडत नाही. १५ लाखांची गाडी. व्याज दोन्हीकडे ९ टक्केच धरू, म्हणजे वाद नको. पाच वर्षांचं वाहनकर्ज घेतलं तर हप्ता बसतो सुमारे ३१,१०० रुपये आणि पाच वर्षांत व्याज जातं साधारण ३ लाख ६८ हजार. तेच १५ लाख पंधरा वर्षांच्या टॉप-अपमधून घेतले तर हप्ता सुमारे १५,२०० रुपये. निम्मा! इथे माणूस हरखतो. घरी येऊन सांगतो, "अगं, पंधरा हजारच तर वाढतात, निघतील." पण पंधरा वर्षांत व्याज जातं १२ लाख ३८ हजार. गाडी पडली २७ लाख ३८ हजारांना. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे पुनर्नोंदणीसाठी आरटीओच्या फेऱ्या मारायची वेळ येईल, तेव्हा कुठे तिचं कर्ज फिटलेलं असेल. तोवर ती गाडी त्याच्याकडे असली तर!

सहलीचं तर याहून वाईट. थायलंडला जाऊन यायला ३ लाख लागले आणि ते याच टॉप-अपमध्ये घातले, तर दरमहा सुमारे ३,०४० रुपये, पंधरा वर्षं. एकूण ५ लाख ४८ हजार. त्या सहलीत आठ वर्षांची असलेली मुलगी तेवीस वर्षांची होईल, तोवर त्या पाच दिवसांचे पैसे चालूच. आणि कर्ज घेणाऱ्याचं वय? सत्तेचाळिसाव्या वर्षी सही केली तर बासष्टाव्या वर्षी सुटका. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत माणूस ५८व्या वर्षी घरी बसतो. खासगीत तर पन्नाशीनंतर कधी बसवतील याचा नेम नाही. शेवटच्या चार वर्षांचे हप्ते कुठून भरायचे, याचं उत्तर मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच दिलं: "मुलगा तोवर कमवायला लागेल." मुलाला विचारलंय का?

"होम लोन आहे, टॅक्स वाचतो," हीसुद्धा एक पसरलेली समजूत. व्याजाची करसवलत घर घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा दुरुस्त करण्यासाठी काढलेल्या कर्जाला आहे. घरावर काढलेल्या पण गाडीत, लग्नात, सहलीत घातलेल्या पैशांना ती नाही. नवी करपद्धती घेतली असेल तर राहत्या घराच्या व्याजावर काहीच सुटत नाही.

या हिशेबापेक्षाही मोठी गोष्ट पुढे आहे. वाहनकर्जाचे हप्ते थकले तर बँक गाडी ओढून नेते. वाईट वाटतं, चारचौघांत मान खाली जाते, पण संध्याकाळी माणूस आपल्या घरात जेवतो. टॉप-अप थकलं तर घर जातं. तारण एकच आहे. मूळ कर्जाचे सगळे हप्ते वेळेवर भरले असले तरी गाडीसाठी घेतलेल्या १५ लाखांपायी तो टू-बीएचके पणाला लागलेला असतो. ही गोष्ट त्या फोनवरच्या मुलाने कधी सांगितली आहे का? त्या मुलावर माझा राग नाही. त्याला महिन्याचं टार्गेट आहे. राग त्याच्या वरच्यांवर आहे, ज्यांना पक्कं ठाऊक आहे की गाडीचं कर्ज गाडीवर द्यायचं असतं.

मी टॉप-अपच्या सरसकट विरोधात नाही. आईच्या अँजिओप्लास्टीला, बायकोच्या केमोथेरपीला कुणी घरावर पैसे उचलले तर त्याने अगदी योग्य केलं. स्लॅब गळतोय, पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती हवी, तरी ठीक. मुलीला परदेशी शिकायला पाठवायचं, तिची गुणवत्ता आहे, पुढे नोकरीची शक्यता आहे, तर बसून विचार करावा. माझा आक्षेप दाखवण्यासाठी केलेल्या खर्चाला आहे. आपल्याकडे त्याला ‘ऋण काढून सण’ म्हणत आले आहेत. पूर्वी सावकाराच्या दारात जाताना मान खाली जायची. आता मोबाइलवर ओटीपी टाकला की पैसे खात्यात येतात आणि मान वरच राहते.

शेजाऱ्यांचा यात हात किती? भरपूर. आणि हे नुसतं पारावरचं बोलणं नव्हे, लोकांनी ते मोजलं आहे. नेदरलँड्समध्ये पोस्टकोडवर चालणारी लॉटरी आहे. त्या मोजणीच्या काळात दर आठवड्याला एका पोस्टकोडचा नंबर लागायचा, त्या गल्लीत ज्यांच्याकडे तिकीट असेल त्यांना रोख बक्षीस आणि त्यांपैकी एका घराला कोरी बीएमडब्ल्यू. पीटर कून आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या शेजाऱ्यांची चौकशी आहे. ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं, ज्यांना एक युरोही मिळाला नव्हता, अशा शेजारच्या घरांनीसुद्धा नंतरच्या महिन्यांत गाड्या घेण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. पैसे एकाला मिळाले, खर्च दुसऱ्याने केला.

कॅनडातला अभ्यास याहून अंगावर येणारा आहे. सुमित अगरवाल, व्याचेस्लाव मिखेद आणि बॅरी शोल्निक या तिघांनी एका प्रांतातल्या लॉटरीविजेत्यांच्या अगदी जवळच्या शेजाऱ्यांची दिवाळखोरीची नोंद तपासली. बक्षीस जितकं मोठं, तितकी नंतर आसपासच्या घरांत दिवाळखोरी जास्त. आणि दिवाळखोर झालेल्यांच्या मालमत्तेत काय वाढलेलं होतं? डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, घर, गाडी, मोटारसायकल. बँकेतल्या ठेवी, पेन्शनची पुंजी, असं जे शेजाऱ्याला दिसत नाही ते वाढलेलं नव्हतं. हे वाचल्यावर मी आमच्या भागातल्या सोसायट्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

आपल्याकडे लॉटरी लागत नाही, पण दुसरं बरंच काही लागतं. वाघोलीकडे, मारुंजीकडे कुणाची वडिलोपार्जित जमीन बिल्डरला गेली. कुणाला कंपनीचे शेअर मिळाले आणि ते वधारले. कुणाची दोन्ही मुलं डॅलसला. यांच्याकडे पैसा खरोखर आहे आणि ते तो खर्च करतात, त्यात वावगं काहीच नाही. त्यांच्याच मजल्यावर एक घर असतं, जिथे नवरा खासगी बँकेत, बायको शाळेत शिक्षिका, दोघांचे मिळून महिना एक लाख दहा हजार. खालच्या पार्किंगमध्ये दोन्ही गाड्या शेजारी शेजारी. कुठली रोखीची आणि कुठली घरावर उचललेल्या पैशांची, हे बघून कुणाला कळणार? खर्च दिसतो, कर्ज दिसत नाही. म्हणून माणूस शेजाऱ्याच्या खर्चाची बरोबरी करायला निघतो. तिसऱ्या घरातला माणूस या दुसऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "यांना जमतं, मग आपल्याला का नाही?" बडा घर, पोकळ वासा. आणि त्या पोकळ वाशाकडे बघून शेजारी आपला भरीव वासा पोखरायला घेतो.

इथे मला आपल्या सगळ्यांना थेट बोलायचं आहे. हे ओझं बँकेने एकटीने टाकलेलं नाही. लग्न ठरलं की आधी कोण बोलतं? "अहो वहिनी, हळद टेरेसवरच करताय का? पाचव्या मजल्यावरच्यांनी लॉन घेतलं होतं." बोलणारीच्या मनात काही नसतं, सहज बोलून जाते. ऐकणारी बाई मात्र रात्रभर जागी. दुसऱ्या दिवशी लॉनची चौकशी. मग लॉन आहे तर डीजे, डीजे आहे तर डेकोरेशन, डेकोरेशन आहे तर ड्रोनवाला फोटोग्राफर, आणि प्री-वेडिंग शूट तर आता केळवणाइतकंच ठरलेलं. केळवण! चार घरी जेवायला बोलवायचे, आमरस-पुरी, पुरणपोळी, एक साडी. त्या प्रेमाला काही खर्च नव्हता. आता डोहाळजेवणालासुद्धा इव्हेंटवाला येतो, धनुष्यबाण आणि चंद्रकोरीचे सेट घेऊन. हे पाहून कौतुक करणारे, फोटोंना बदाम टाकणारे आपणच. आणि ज्याने साधं केलं त्याच्याबद्दल "काही अडचण आहे का हो त्यांची?" असं हळूच विचारणारेही आपणच. साधेपणाला अडचण समजणारा शेजार असला की माणसं कर्ज काढूनच श्रीमंत होतात.

आता क्रेडिट कार्डाचा डाव. तो समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात बुद्धिमान माणसंही अडकतात. कार्डाचं बिल थकलं की व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला चाळीसच्या पुढे. कुणीतरी सल्ला देतो की टॉप-अप काढ, कार्डं भरून टाक, चाळीसचं व्याज नऊवर आण. अंकगणित बरोबर आहे. पण त्या दिवशी कार्ड कात्रीने कापलं पाहिजे. ते कुणी करत नाही. कार्डाची मर्यादा पुन्हा पूर्ण मोकळी झालेली असते, हातात काहीतरी सुटल्याचा आनंद असतो, दिवाळी तोंडावर असते. वर्षभरात कार्ड पुन्हा भरतं, आणि आता त्याच्या सोबतीला टॉप-अपचा हप्ताही आहे. पूर्वी हॉटेलचं बिल थकलं तर हॉटेलचंच कर्ज होतं. आता त्याच बिलासाठी घराची कागदपत्रं बँकेत पडून आहेत.

व्याजदर चढतात तेव्हा काय होतं, हे आपण अलीकडेच पाहिलं आहे. तरी विसरलो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर २०२०च्या मेपासून दोन वर्षं ४ टक्के होता. त्या काळात पावणेसात टक्क्यांनी गृहकर्जं मिळत होती. मग मे २०२२पासून दर चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये साडेसहावर आला. अडीच टक्क्यांची वाढ, नऊ महिन्यांत, आणि रेपोला जोडलेल्या गृहकर्जांतही तेवढीच. ३० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा पावणेसात टक्क्यांनी हप्ता साधारण २२,८०० रुपये बसतो. तेवढ्याच रकमेवर सव्वानऊ टक्क्यांनी एका महिन्याचं नुसतं व्याज होतं २३,१२५. म्हणजे ज्याचं कर्ज नवंकोरं होतं, त्याचा पूर्ण हप्ता व्याजातच जिरत होता, मुद्दल जागचं हलत नव्हतं. बँकांनी बहुतेकांचा हप्ता तसाच ठेवला आणि मुदत वाढवली. कर्जदाराला एक मेसेज गेला, तोही इंग्रजीत. हप्ता वाढला नाही म्हणून तो निश्चिंत. वर्षाच्या शेवटी स्टेटमेंट काढलं तर बारा महिने पैसे भरूनही देणं जवळपास तेवढंच! ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा आणि हप्त्यातून व्याजही फिटत नाही अशी वेळ आणू नका. नंतर २०२५मध्ये दर उतरले. उतरले म्हणून टॉप-अपचे फोन पुन्हा वाढले. ज्या माणसाने हप्ता कमी झाल्यावर तो पूर्वीइतकाच भरत राहायचं ठरवलं, त्याचं कर्ज कित्येक महिने आधी फिटेल. ज्याने वाचलेल्या पैशांवर नवं कर्ज काढलं, त्याला पुढची दरवाढ झेपेल कशी, हे त्याने आजच कागदावर मांडावं.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. १९८६च्या करसुधारणेत तिथे कार्डाच्या आणि वाहनकर्जाच्या व्याजाची सवलत काढून घेतली, घरावरच्या कर्जाची ठेवली. लोक साहजिकच घराकडे वळले. पुढे घरांचे भाव चढले तसे त्यांनी घरावरून पैसे उचलले. अर्थशास्त्रज्ञ अतीफ मियान आणि अमीर सूफी यांनी २००२ ते २००६ या काळाचा हिशेब काढला, तो असा की घराच्या किमतीत एक डॉलर वाढ झाली की घरमालक सरासरी २५ सेंट कर्ज काढत होते. भाव २००६मध्ये शिखरावर गेले आणि घसरले. कर्ज घसरलं नाही. २००८पर्यंत काय झालं ते जगाने पाहिलं, आणि आयटीतल्या आपल्या कितीतरी मराठी मुलांनी नोकऱ्या जाताना ते जवळून पाहिलं. भारत म्हणजे अमेरिका नव्हे, आपल्याकडे घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं यावर मर्यादा आहेत. त्या चांगल्या आहेत. पण ८ ऑगस्ट २०२४ रोजी तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी पतधोरण मांडताना टॉप-अप गृहकर्जांचं नाव घेऊन इशारा दिला होता. काही संस्था या मर्यादा पाळत नाहीत, दिलेला पैसा कुठे जातो यावर लक्ष ठेवत नाहीत, असं ते स्पष्ट बोलले. त्याआधीच्या २०२२-२३मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर उतरली होती, जवळपास पन्नास वर्षांतली सर्वांत कमी. ज्या समाजात आजी डाळीच्या डब्यात नोटा लपवून ठेवायची, त्याची ही गोष्ट आहे.

हप्ते थकले की पुढे सगळं ठरलेल्या क्रमाने होतं. ९० दिवस थकबाकी, खातं एनपीए. मग २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची मागणी नोटीस. त्यानंतर ताबा नोटीस. तिच्यासाठी आधी कोर्टात जायची गरज नाही. ती दारावर चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. मराठी पेपरच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत नाव, फ्लॅट नंबर, विंग, सोसायटी, थकलेली रक्कम. मी ती पानं वाचतो. वाचवत नाहीत, तरी वाचतो. ज्या शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी खर्च केला, त्यांच्याच दारात सकाळी तो पेपर पडलेला असतो. कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत दाद मागता येते, हे बहुतेकांना तेव्हा ठाऊक नसतं. लाजेने माणूस वकिलाकडेही उशिरा जातो. आणि त्याआधीच्या सहा महिन्यांत एकाही शेजाऱ्याला कळलेलं नसतं. मेंटेनन्स थकल्याची यादी नोटीस बोर्डवर लागते तेव्हा कुजबुज होते, बस्स. एका सोसायटीत गणपतीची वर्गणी घरोघर मागतात, आरतीला सगळे जमतात, आणि त्यातल्या एकाचं घर जात असतं. असली वेळ आलेल्या माणसाने पहिल्या थकलेल्या हप्त्यालाच बँकेत जाऊन बोलावं. गाडी विकावी, लगेच विकावी, तोटा सोसून विकावी. तीन महिन्यांनी तेच करायचं तर हातात काही उरत नाही.

सगळ्यांत शेवटी एका सहीबद्दल. महाराष्ट्रात २०२१पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चांगली योजना. त्यामुळे कित्येक घरांवर आज तिचं नाव आहे, आणि जुन्या घरांवर तर दोघांचं असतंच. म्हणून टॉप-अपच्या कागदांवर तिची सही लागते. ती कशी घेतात? नवरा ऑफिसातून येताना कागदांचा गठ्ठा घेऊन येतो. पेन्सिलने फुल्या मारलेल्या असतात. "इथे, इथे आणि इथे कर. बँकेचं रुटीन आहे." ती हातातलं पीठ धुऊन येते आणि सह्या करते. किती रकमेचं, किती वर्षांचं, तिला कुणी सांगितलेलं नसतं. कायद्याच्या नजरेत मात्र ती संपूर्ण कर्जाची देणेकरी झाली, अर्ध्याची नव्हे. नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर बँक तिच्याकडे येणार. कित्येकींना आपण गहाण टाकलेल्या घरात राहतो हे नवऱ्याच्या तेराव्यानंतर कळलं आहे. हे मला कुठल्याही व्याजदरापेक्षा भयंकर वाटतं. जो पुरुष बायकोला रक्कम न सांगता सही घेतो, त्याने तिला फसवलं आहे, मग तो घरात कितीही प्रेमळ असो.

यावर एक साधन आहे आणि ते वापरलं जात नाही. १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर झालेल्या प्रत्येक किरकोळ मुदतकर्जासाठी बँकेने आणि वित्तकंपनीने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक काय, हे एका ठिकाणी छापलेलं असतं. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, समजावून सांगितलं पाहिजे, आणि दिल्यावर किमान तीन कामकाजाचे दिवस त्यातल्या अटी बँकेला बदलता येत नाहीत. तीन दिवस पुरेसे आहेत. कागद घरी आणा, बायको आणि कळत्या मुलांना घेऊन बसा, शेवटच्या हप्त्याची तारीख मोठ्याने वाचा आणि त्या तारखेला घरातल्या प्रत्येकाचं वय किती असेल ते बाजूला लिहा. बँक तो कागद इंग्रजीत पुढे करेल. मराठीत मागा. नाही म्हणाले तर लेखी मागा, आणि मराठीत हातात पडेपर्यंत दोघांपैकी कुणीही सही करू नका.